इद्वालचा लेथ

गुरुवारी साडेदहा म्हणजे साडेदहा.
एम्लिन येतो पावणेअकराला
आणि दारातूनच सुरू होतो:
आज निळा डबा बाहेर ठेवायचा होता की करडा?
कचऱ्याचं वेळापत्रक बायकोनं फ्रिजवर लावलंय,
वर चुंबकाची मेंढी,
आणि ती मेंढी नेमकी याच आठवड्यावर बसलीये.

मग हावेलचा गुडघा.
त्या गुडघ्याला शेडमध्ये वेगळी खुर्ची द्यावी
इतका वेळ तो बोलतो.
सर्जन म्हणाला थांबा, फिजिओ म्हणाली चाला,
दोघांची एकदा गाठ घालून द्या म्हणतो हावेल,
मी मध्ये बसेन पाय लांब करून.

माझं म्हणाल तर पन्हाळं तुंबलंय.
नेस्टा म्हणते, शिडीवर चढलास तर खाली उभी राहणार नाही
आणि नाही चढलास
तर घरात उभं करणार नाही.

चहा इद्वालचा.
कपात पिशव्या सोडतो आणि विसरतो.
दूध आहे का विचारलं की म्हणतो,
होतं.

टेबलावर इंजिन, पाच इंची रुळावरचं.
सव्वीस वर्षं चाललंय.
चाललंय म्हणजे चालत नाही अजून,
बांधणं चाललंय.
शिट्टीच्या झडपेचा स्क्रू मुगाएवढा, पितळी,
तो पडला त्याला अकरा वर्षं झाली.
एम्लिनच्या बाहीनं उडाला असं हावेलचं मत,
हावेलच्या गुडघ्यानं असं एम्लिनचं.
दोन महिने बोलत नव्हते एकमेकांशी,
येत मात्र होते दर गुरुवारी,
मला मध्ये घालून कानस मागायचे.
इद्वालनं नंतर दुसरा बनवला.
बसला. पण थोडा गळतो.

आज काम वेगळं होतं.
सियाननं बापासाठी कार्डिफमध्ये घर पाहिलंय,
तिसरा मजला, लिफ्ट, भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा.
गालिच्यावर लेथ ठेवत नाहीत.
रेक्समहून आलेली लाउरी, चोवीसची असेल,
व्हॅन उलटी घेत एका दमात दाराशी लावली
(एम्लिनला हे तीनदा करावं लागतं),
तिनं चाक फिरवलं, कान लावला, खेळ किती आहे विचारलं,
आणि भाव न करता पैसे मोजले.
याचाच आम्हाला राग आला.
घासाघीस तरी करायची पोरीनं,
अर्धा तास गेला असता.

खाली पाइप सरकवले, पहारी घातल्या.
चार म्हातारे, धड गुडघे पाच,
आणि इद्वाल किटली हातात धरून सूचना देत होता:
डावीकडे. माझ्या डावीकडे.
त्याच्या भावाच्या मालकीचं काहीतरी नेत असल्यासारखा
लांब उभा होता.

लेथ सरकला.
खाली काळ्या तेलात मिसळलेला भुसा, सुरळ्या झालेले कीस,
एक जुनी पेनी, एम्लिनचा हरवलेला चष्म्याचा दांडा,
आणि तो.
मुगाएवढा.

कुणी वाकलं नाही. वाकणं सोपं राहिलेलं नाही.
लाउरीनं उचलला, तळव्यावर धरला,
हा कशाचा?

इद्वालनं किटली ठेवली.
चष्मा वर केला, खाली केला.
हा तो नव्हे, म्हणाला, त्याचं डोकं मोठं होतं.
आम्ही तिघांनी माना हलवल्या.
अकरा वर्षांत पहिल्यांदा एका गोष्टीवर
आमचं एकमत झालं.
मग त्यानं तो शर्टाच्या खिशात टाकला
आणि खिशाचं बटण लावलं.

व्हॅन गेली.
जमिनीवर चार पायांचे चार स्वच्छ चौकोन राहिले,
आम्ही त्यांना वळसा घालून बसलो.
चहा गार झालेला, तरी प्यायलो.
पुढच्या गुरुवारी कुठं, हे
हावेल विचारेल असं मला वाटलं,
मी विचारेन असं त्याला वाटलं असणार.

रस्त्यावरून कचऱ्याची गाडी गेली, धडधडत,
एम्लिन उठून खिडकीशी गेला.
करडाच होता, म्हणाला.
सांगत होतो मी.